देवळाबाहेरच्या हिवाळे मॅडम

हिवाळे मॅडम माझ्याशी पहिलं वाक्य बोलल्या ते माझ्या नखांबद्दल.

कॉलेजात रुजू झाले त्या दिवशी प्राचार्यांनी मला स्टाफरूममध्ये नेलं आणि ‘या मराठीच्या नवीन मॅडम’ अशी ओळख करून दिली. कोपऱ्यातल्या टेबलाशी आखूड पांढऱ्या केसांच्या एक ठेंगण्या बाई ठेचा-भाकर खात बसल्या होत्या. मी नमस्कार केला. त्यांनी माझे जोडलेले हात तसेच धरले, गळ्यात बुटाच्या नाडीला अडकवलेलं भिंग डोळ्याला लावलं आणि माझी नखं एकेक करून पाहिली.

‘उजव्या अंगठ्याखाली बुरशी आहे,’ त्या सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. ‘लग्न जमवायचं असेल तर आधी हे बरं करून घे. घाटाखालची का? तरीच. तुम्ही लोक उन्हानं अर्धे शिजलेलेच असता. भाकर खातेस?’

बुरशी खरंच होती. भाकरही खरंच चांगली होती. माझी आणि त्यांची ओळख पुढे कितीतरी वर्षं याच दोन गोष्टींवर चालली. त्या काहीतरी लागेल असं बोलायच्या आणि मग डबा पुढे करायच्या.

त्यांचं नाव शांता. वडील देऊळघाटचे, रोजमजुरी करून पोरांना शिकवणारे. असलं नाव ठेवून त्यांनी आपल्या लेकीची थट्टा केली असं कॉलेजात म्हणत. सूक्ष्मजीवशास्त्राच्या विभागात त्या एकट्याच होत्या. माणसांची नावं त्या लक्षात ठेवत नसत. मला ‘ए मराठी’, गणिताच्या सरांना ‘गणित’, प्राचार्यांना तोंडावरही ‘प्रशासन’. एकदा मी विचारलं तर म्हणाल्या, ‘डोक्यात जागा किती असते? तिथं माझे भाडेकरू आधीचेच आहेत.’ वर्गात त्या स्वच्छ पुस्तकी मराठी बोलत. पण राग आला किंवा आनंद झाला की वऱ्हाडी सुरू. दोन्हींत फरक ओळखायला मला बराच वेळ लागला.

हे भाडेकरू राहत होते आमच्या गावच्या चौकातल्या जुन्या देवळावर. गाव तालुक्याचं, चौक म्हणजे रिक्षा, काळीपिवळी, हॉटेलं, मोबाइलची दुकानं, आणि या सगळ्याच्या मधोमध काळ्या दगडाचं हेमाडपंती देऊळ. त्याच्या भिंती इतक्या काळ्या की मूळ दगडाचा रंग कुणी पाहिलेला नव्हता. गावाला तो मळ वाटे. मॅडम दर रविवारी सकाळी तिथं जायच्या, न्हाव्याकडं असते तशी पाणी फवारायची बाटली आणि नमुने खरवडायला एक लहानसा चाकू घेऊन.

पहिल्यांदा त्या मला घेऊन गेल्या तेव्हा उन्हाळा होता, दगड तापलेला. त्यांनी भिंतीच्या एका काळ्या पट्ट्यावर फुसफुस पाणी मारलं आणि म्हणाल्या, ‘पाह्य आता.’ मी पाहत राहिले. थोड्या वेळानं त्या काळ्यातून हिरवट झाक वर आली. आधी शंका यावी इतकी पुसट, मग सरळ हिरवी. जणू भिंतीनं डोळे उघडले.

‘मेल्याचं सोंग घेऊन पडले होते,’ मॅडम म्हणाल्या. चेहरा लहान पोरीसारखा. ‘डोळ्यानं एकेकटा दिसणार नाही इतका बारीक जीव. ऊन लागू नये म्हणून स्वतःच अंगावर काळी छत्री धरते. पाणी भेटलं की उठला. महिनोन् महिने कोरडा पडून राह्यते, मरत नाही. तुह्या कवितेत आहे का असं कोनी?’

वेगवेगळ्या भागांवर वेगवेगळे रहिवासी होते. रिक्षा थांबत त्या बाजूला धुरातली काजळी खाऊन जगणारी बुरशी होती. उत्तरेच्या सावलीत राखाडी दगडफूल होतं. पूर्वेच्या कोपऱ्यात एक भगवट डाग हळूहळू पसरत होता, त्याचं नाव त्यांनी ‘संस्था’ ठेवलं होतं. ‘हा स्वतः काही करत नाही,’ त्या म्हणायच्या, ‘पण याच्या आसपास दुसरं कोणी वाढत नाही.’ आमच्या कॉलेजची संस्था हे ऐकून होती.

या देवळाच्या छज्ज्याखाली गिरजाबाई फुलं विकायची. म्हातारी दुकान मांडायच्या आधी भिंतीला डोकं टेकवी. मॅडमना ते पाहवत नसे. ‘गिरजाबाई, आता तुमच्या कपाळाले तीन जातीची बुरशी लागली,’ असं त्या दर रविवारी सांगायच्या. गिरजाबाई हार गुंफता गुंफता म्हणायची, ‘लागू दे माय. तिले तं माही जात चालते ना?’ मॅडम खो खो हसायच्या. त्यांना कुणी उलट बोललेलं आवडत असावं. बोलणारं कुणी नव्हतं एवढंच.

मी एकदा विचारलं, ‘मॅडम, तुम्ही आत कधी गेलात का?’

त्या भिंगातून दगड पाहत होत्या. मान न वळवता म्हणाल्या, ‘आजीले जाऊ देत नव्हते. आईनं जायचं सोडून दिलं. अन् मले गरज पडली नाही. जे जितं आहे ते सारं बाहेरच आहे.’

हे सगळं वाचून त्या मायाळू वाटतील. नव्हत्या.

दरवर्षी नव्या मुलांचा पहिला प्रयोग ठरलेला असे. प्रत्येकानं काचेच्या बशीतल्या, जंतू वाढवायच्या खळीवर अंगठा टेकवायचा. दोन-तीन दिवसांत त्या अंगठ्यावरचं सगळं बशीत वाढून दिसे. मॅडम बश्यांवर नावं घालून त्या व्हरांड्यातल्या कपाटात मांडायच्या, येणाऱ्या-जाणाऱ्यानं पाहाव्यात म्हणून. मुली रडायच्या. एकीचे आई-वडील भांडायला आले तर मॅडमनी त्यांचेही अंगठे मागितले.

अमोल चोपडे आला त्या वर्षीची बशी मला आठवते. अमोल धामणगाव बढ्याचा, शेतकऱ्याचा मुलगा. पहाटे म्हशी पिळून, शेणघाण काढून मिळेल त्या गाडीनं घाट चढून यायचा. त्याची बशी सगळ्यात भरलेली निघाली. मॅडमनी ती वर्गापुढे उंच धरली.

‘बघा. याच्या एका अंगठ्यावर अख्खा गोठा आला.’

पुढे कॉलेज संपेपर्यंत पोरं त्याला ‘गोठा’ म्हणत होती. पण त्या दिवशी तास संपल्यावर हाच मुलगा टेबलाशी उभा राहिला. ‘मॅडम, हे एवढं वाढलं. आता हे मरते कशानं?’

मॅडमना तो प्रश्न इतका आवडला की त्या मला स्टाफरूममध्ये सांगायला आल्या. ‘बाकीचे हात धुवायला पळाले,’ म्हणाल्या, ‘यानं प्रश्न विचारला.’ त्या दिवसापासून अमोल त्यांचा झाला. रविवारी बाटली तो धरायचा. कुठलं औषध कुठल्या जिवाला मारतं, किती पातळ केलं तर मरत नाही, नुसता झोपतो, कुठला एक मेला की त्याच्या जागी कोण येतो, हे सगळं त्यांनी त्याला शिकवलं. त्याच्याइतक्या शिव्याही कुणाला दिल्या नाहीत. माझ्या मते त्यांना आयुष्यात एकच माणूस आपल्यासारखा वाटला, आणि त्याला त्यांनी तसंच वागवलं जसं त्या स्वतःला वागवायच्या.

शेवटच्या वर्षी अमोलनं देवळाच्या चारही भिंतींवरच्या जिवांची तुलना करणारा प्रकल्प केला. तो सादर करायच्या दिवशी त्याचे वडील आले होते, इस्त्रीचा पांढरा सदरा घालून, पिशवीत भुईमुगाच्या शेंगा घेऊन. मॅडमनी प्रकल्प चाळला. एका पानावर थांबल्या. पश्चिमेच्या भिंतीचे आकडे त्यांना फार सुबक वाटले.

‘हे नमुने कधी घेतलेस?’

अमोलनं वडिलांच्या पिशवीकडे पाहिलं.

‘घेतलेच नाहीस. सोयाबीन काढायला गेला होतास, वेळ मिळाला नाही, म्हणून बसल्या जागी लिहून काढलेस. खरं का?’

‘हो मॅडम.’

त्यांनी वडिलांकडे वळून अगदी शांतपणे विचारलं, ‘काका, तुम्ही पेरल्याशिवाय पीक आलं म्हणून सांगता का कधी?’

‘नाही जी.’

‘तुमचा पोरगा सांगते.’ मग माझ्याकडे बोट केलं. मी परीक्षेच्या कामासाठी तिथं बसले होते. ‘कल्पनेतून लिहायचं असेल तर बाजूला मराठीचा विभाग आहे.’ आणि तो प्रकल्प त्यांनी मधोमध फाडून टेबलावर ठेवला.

म्हाताऱ्यानं फाटलेले दोन्ही तुकडे उचलले, जुळवून पाहिले, पिशवीत शेंगांवर ठेवले आणि मुलाला म्हणाला, ‘चाल.’ अमोल त्या वर्षी नापास झाला. परत परीक्षेला आला नाही.

संध्याकाळी मॅडमनी मला डबा पुढे केला. मी घेतला नाही. ‘खोटं होतं ते,’ त्या म्हणाल्या. मी म्हटलं, ‘खोटं होतं, पण बापासमोर?’ त्या जरा वेळ जेवल्या आणि म्हणाल्या, ‘बापासमोर खोटं अजून खोटं होते का?’

काही वर्षं गेली. अमोलनं पाण्याच्या टाक्या, फरशा, पुतळे धुवायचा धंदा टाकल्याचं कानावर आलं. चांगला चालला होता म्हणे. आणि मग गावात देवळाच्या सुशोभीकरणाची टूम निघाली.

सुशोभीकरण समितीचे अध्यक्ष होते नाना. नाना आमच्या संस्थेच्या कार्यकारिणीवरही होते. गावात जे जे होई त्याच्या फलकावर नानांचा फोटो असे, आणि त्या फोटोत मिशा नेहमी कुळकुळीत काळ्या. समितीनं मंगल कार्यालयात सभा बोलावली. देऊळ ॲसिडनं धुवायचं, वर चकाकणारं पॉलिश मारायचं, रंगीत दिवे सोडायचे, असं ठरत आलं होतं. मॅडम उभ्या राहिल्या. माईक घेतला नाही.

‘हे काळं म्हणजे मळ नाही,’ त्या म्हणाल्या. ‘जितं आहे. दगड थोडा थोडा खाते हेही खरं, मी खोटं सांगणार नाही. पण ते आता त्या दगडाची कातडी झालं आहे. काढायचंच असेल तर साधं पाणी, मऊ ब्रश आणि सबुरी. ॲसिड मारलं तर छज्ज्याच्या दगडांमधला चुना विरघळून जाईल. ते दगड मागाहून कधीतरी चुन्यात बसवलेले आहेत. चुना गेला की दगड मोकळे.’

नाना हसले. फार गोड हसायचे ते. ‘मॅडम, तुमच्या समाजाचं अन् देवळाचं वाकडं आहे, हे आम्ही समजू शकतो. पर म्हणून आमचा देव काळाच ठेवायचा का?’

सभेत बारीक हशा पिकला. मी मॅडमच्या शेजारी होते. त्यांचा हात खुर्चीच्या पाठीवर होता, तो हलला नाही. आवाज मात्र वऱ्हाडीत गेला.

‘नाना, तुमच्या मिशा काळ्या ठेवाले तुमाले दर पंधरवड्याले न्हावी लागते. हे देऊळ शेकडो वर्षांपासून आपलं आपण काळं राह्यते. त्याचा राग येते का तुमाले?’

आधीचा हशा काहीच नव्हता. मंगल कार्यालय दणाणलं. दारात उभा असलेला नानांचा ड्रायव्हरसुद्धा तोंड फिरवून हसला, आणि नानांनी ते पाहिलं. नाना स्वतःही हसत होते. सगळ्यात शेवटी हसायचं थांबले तेच.

ठराव त्याच सभेत मंजूर झाला. कंत्राट अमोल चोपडेला मिळालं.

काम सुरू झालं त्या सकाळी सगळ्या चौकात घसा धरणारा वास होता. देवळाच्या भिंतीवरून पिवळट फेस उतरत होता आणि पायऱ्यांवरून गटारात जात होता. अमोल मास्क, चष्मा, कोपरापर्यंत रबरी हातमोजे घालून पाइप धरून उभा. खाली मजूर बाया उघड्या हातांनी तारेचे ब्रश घासत होत्या. मॅडम स्कूटीवरून आल्या, स्टँडही न लावता ती भिंतीला टेकवली आणि सरळ अमोलपुढे गेल्या. मला वाटलं आता दगडाबद्दल बोलतील.

‘सोताचे हात झाकले, अन् ह्यायच्या हाताले काय कातडी नाही का बे?’

अमोलनं मास्क खाली केला. ‘मॅडम, हातमोजे दिले तं ब्रश नीट धरता येत नाही म्हनते त्या.’

‘तू त्यायले इचारलं?’

त्यानं गाडीतून हातमोज्यांचा गठ्ठा काढून बायांपुढे टाकला. मग मॅडमकडे वळला आणि भिंतीचा धुतलेला भाग दाखवला. तिथला दगड करडा-पांढरा, सोललेल्या गुडघ्यासारखा दिसत होता.

‘पाहा ना मॅडम. कोन्त्या जिवावर काय टाकलं की मरते, तुम्हीच शिकोलं. दुसऱ्या कोनाले एवढं साफ जमलं असतं का?’

त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. तेच ऐकवत नव्हतं. त्याला शाबासकी हवी होती.

मॅडमनी भिंग डोळ्याला लावलं. धुतलेला दगड वरपासून खालपर्यंत पाहिला, बोट फिरवलं. मग परीक्षेत बोलायच्या त्या स्वच्छ मराठीत म्हणाल्या, ‘काहीच उरलं नाही. या वेळी तुझा निकाल खरा आहे.’

आणि स्कूटी घेऊन गेल्या. अमोल पाइप हातात धरून उभा राहिला, पाणी त्याच्याच बुटांवर सांडत होतं.

उद्‌घाटन थाटात झालं. देऊळ रात्री जांभळं, मग हिरवं, मग लाल दिसे. लोक लांबून फोटो काढायला येत. पण पुढच्या पावसाळ्यात पॉलिशखालून तांबूस-पिवळे ओघळ दिसू लागले, आणि एका बाजाराच्या दिवशी, भर दुपारी, छज्ज्याचा एक दगड सुटून खाली आला. खाली गिरजाबाई होती. दगड तिच्या पायावर पडला. बुलढाण्याला नेलं, पण पाय घोट्याच्या वरून कापावा लागला. नाना दवाखान्यात गेले, तिच्या उशाशी उभे राहून त्यांनी फोटो काढून घेतला.

दगड का पडला हे गावाला कुणीतरी सांगायला हवं होतं. चौकातल्या कॅमेऱ्यातली जुनी दृश्यं मोबाइलवरून फिरू लागली. हिवाळे मॅडम देवळाची भिंत चाकूनं खरवडताहेत. एक रविवार, दुसरा रविवार, तिसरा रविवार. कोरून कोरून हिनंच देऊळ खिळखिळं केलं, आणि का केलं ते सांगायला नको, असं लोक बोलू लागले. अमोलला पोलिसांनी विचारलं तेव्हा त्यानं सांगितलं की हो, मॅडम चाकूनं खरवडायच्या, मी स्वतः पाहिलं आहे. ते खोटं नव्हतंच.

मॅडमना ठाण्यात बोलावलं. मी सोबत गेले. वाटेत मी त्यांना विनवत होते की उत्तर देताना जरा सांभाळून द्या, वकील येऊ द्या.

‘देवळाचा दगड चाकूनं खरवडला का?’ साहेबांनी विचारलं.

‘हो. वर्षानुवर्षं.’

मी डोळे मिटले.

‘दगड नाही,’ त्या पुढे म्हणाल्या. ‘दगडावरचा थर. नखाएवढा. मी एवढ्या वर्षांत जेवढं खरवडलं ते तुमच्या या चहाच्या कपात मावेल. ॲसिडनं एका दिवसात काय नेलं ते गटाराला विचारा.’

दुसऱ्या दिवशी पेपरात पहिलं वाक्य आलं. पुढची आली नाहीत. गुन्हा काही दाखल झाला नाही. त्याची गरज उरली नव्हती.

निवृत्तीला थोडाच काळ राहिला होता. संस्थेनं त्यांना सांगितलं, उरलेली रजा घ्या, प्रयोगशाळा रिकामी करायची आहे. तिथं नळ्यांमध्ये त्यांनी देवळाचे जीव जपलेले होते, प्रत्येक भिंतीचे, प्रत्येक ऋतूचे. देऊळ धुतल्यावर ते जीव जगात फक्त तिथंच होते. मॅडमनी ते दुसऱ्या एखाद्या कॉलेजला पाठवायची परवानगी मागितली. संस्थेची मालमत्ता आहे, असं उत्तर आलं. शिपाई फिनेलची कॅन घेऊन आला आणि नळ्या तशाच बेसिनमध्ये ओतू लागला.

मॅडम दारात उभ्या होत्या. ‘थांब,’ त्या म्हणाल्या. ‘असं नाही करायचं. आधी कुकरमध्ये घाल, शिट्ट्या होऊ दे. जितं गटारात सोडत नसतात.’

मग त्या स्टुलावर बसून राहिल्या आणि सगळ्या नळ्या नीट मारल्या जातात की नाही ते पाहिलं. एक नळी शिपाई विसरला होता, ती त्यांनीच दाखवली. मला वाटलं होतं, ती तरी त्या पदराखाली घेतील. घेतली नाही. निरोपसमारंभ झाला नाही.

त्याच आठवड्यात त्यांच्या घराच्या दाराला कुणीतरी काळं फासलं. डांबर होतं. शेजारची पोरं रॉकेल-चिंध्या घेऊन पुसायला आली तर मॅडमनी त्यांना हाकललं. ‘राहू दे. दोन पावसाळे जाऊ दे, मंग पाहू यावर कोन राह्याले येते.’ पण दोन पावसाळे त्या तिथं राहिल्या नाहीत. घर बंद करून भावाकडे देऊळघाटला गेल्या.

दिवाळीच्या सुट्टीत मी भेटायला गेले. पुढच्या खोलीत त्या तूर निवडत बसल्या होत्या. मला पाहून म्हणाल्या, ‘ये मराठी. जाडी झालीस.’ भावजयीनं चहा टाकला. तेवढ्यात दारात अमोल आला. बरोबर बायको, तिच्या कडेवर मूल.

देवळाचे आणखी दोन दगड सुटले होते. आता वरून चौकशी लागली होती आणि समितीनं सगळं अमोलवर ढकललं होतं. त्यानं चुकीचं रसायन वापरलं, समितीला अंधारात ठेवलं, असं नानांनी लेखी दिलं होतं. अमोल जमिनीवर बसला. बायकोला मात्र मॅडमनी खुर्ची द्यायला लावली.

‘मॅडम, तुम्ही लिहून द्या,’ तो म्हणाला. ‘तुमचं नाव मोठं आहे. चुना पहिलेच कमजोर होता, एवढं. ॲसिडनं काही झालं नाही, एवढंच.’

‘खोटं?’

‘एक वाक्य, मॅडम.’

मॅडम तुरीतले खडे काढत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘खरं लिहून देते. चालते का पाह्य. ॲसिड तू मारलं. पर ॲसिडच मारा असं समितीनं ठरोलं. मी भरसभेत नाही म्हटलं होतं, ते नानानं ऐकलं होतं. तुह्या नावाखाली नानाचं नाव येईन. सभेत बसलेले पाच-पन्नास माणसं साक्षीले आहेत. त्यातला एक तं बोलन.’

अमोलचा चेहरा उतरला. ‘नानाचं नाव नाही येऊ शकत, मॅडम. मले त्याच गावात धंदा करा लागते.’

‘मंग तू एकटाच मर.’

बायको रडायला लागली. ती म्हणाली, ‘मॅडम, पाया पडते, तुमच्याच हाताखाली शिकले हे.’

‘म्हणूनच,’ मॅडम म्हणाल्या.

ते गेले. अंगणातून जाताना अमोलनं मागं वळून पाहिलं नाही. मी म्हटलं, ‘एक वाक्य होतं, मॅडम.’ त्यांनी सुपातला एक खडा उचलला, उजेडात धरला आणि बाहेर भिरकावला. ‘मलेबी एकच वाक्य भोवलं,’ त्या म्हणाल्या. ‘पेपरातलं. पर ते खरं होतं.’ मग भावजयीला हाक मारली, ‘अगं, हिले जेवाले वाढ. काहीतरीच तोंड करून बसली आहे.’

अमोलचा टेम्पो गेला, कंत्राटं गेली. आता तो नानांच्याच एका मंगल कार्यालयावर देखरेख करतो. देवळाला नवीन कंत्राटदारानं सिमेंट भरलं आणि वरून मातकट रंग दिला, दगडासारखा दिसावा म्हणून. गिरजाबाई कुबडी घेऊन समोरच्या पानठेल्याशेजारी बसते. भिंतीला डोकं टेकवायला आता तिला रस्ता ओलांडावा लागतो, म्हणून टेकवत नाही.

हिवाळ्यात मॅडमना झटका आला. जीव वाचला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, समजतं सगळं, पण शब्द बाहेर येणार नाहीत. मी गेले तेव्हा त्यांनी माझा हात डाव्या हातात धरला आणि नुसता धरून ठेवला. तोंडातून एकच लांबट आवाज येत होता, पुन्हा पुन्हा, प्रत्येक वेळी वेगळ्या चढउतारानं. त्या काहीतरी सांगत होत्या. बहुधा लागेल असंच काही. मला कळलं नाही.

त्यानंतर नगरपालिकेची निवडणूक आली. मॅडम राहायच्या त्या वस्तीतली, त्यांच्या समाजाची मतं नानांना हवी होती. नानांनी जाहीर केलं की गावच्या थोर शास्त्रज्ञ डॉ. शांताबाई हिवाळे यांचा नागरी सत्कार करायचा. मी भावाला म्हटलं, नेऊ नका त्यांना. त्यानं खाली पाहिलं. नानांनी त्याच्या मुलाला आमच्याच कॉलेजात चिकटवायचं कबूल केलं होतं. ‘ताई,’ तो म्हणाला, ‘पोट्ट्याले ऑर्डर भेटून राह्यली. कसा नाही म्हनू?’

सत्कार चौकातच झाला, संध्याकाळी, देवळाला पाठ करून उभारलेल्या मांडवात. मॅडमना चाकांच्या खुर्चीत आणलं. खुर्ची ढकलत अमोल होता. कुणी सांगितलं म्हणून की स्वतःहून, मला ठाऊक नाही. पायऱ्यांवर त्यानं ती अलगद उचलली, एकही धक्का बसू दिला नाही. मॅडमना नवी साडी नेसवली होती, केस विंचरून पिना लावल्या होत्या. तोंड एका बाजूला ओढलं गेल्यानं लांबून त्या हसताहेत असं वाटे.

नानांनी शाल घातली, श्रीफळ मांडीवर ठेवलं. ते घरंगळलं, अमोलनं पकडलं. नानांचं भाषण फार छान झालं. मॅडमनी या देवळासाठी आयुष्य वेचलं, जातीपातीच्या पलीकडं जाऊन या दगडावर प्रेम केलं, समितीला त्यांचं मार्गदर्शन लाभलं, असं ते बोलले. लोक मान डोलवत होते. मी तिसऱ्या रांगेत होते. मॅडमची नजर नानांच्या चेहऱ्यावरून हलत नव्हती.

मग नाना खाली वाकले. ‘मॅडम, गावाले दोन शब्द सांगता का?’ असं मोठ्या मायेनं विचारलं, आणि माईक त्यांच्या ओठांपुढे धरला.

लाउडस्पीकरवर आधी नुसता श्वास ऐकू आला. चौक शांत झाला. रिक्षावाल्यांनी इंजिनं बंद केली. मग तो आवाज सुरू झाला. लांबट, चढणारा, तुटणारा, पुन्हा सुरू होणारा, चारी बाजूंच्या भोंग्यांतून. मॅडमच्या कपाळावरची शीर फुगली होती, डावा हात खुर्चीच्या दांडीवर आपटत होता. मागे उभ्या अमोलनं मान खाली घातली. नानांनी थोडा वेळ ऐकल्यासारखं केलं, मग माईक हळूच स्वतःकडे घेतला आणि रुमालानं डोळे टिपले.

‘मॅडम गहिवरल्या,’ ते म्हणाले.

टाळ्या वाजल्या, खूप वेळ वाजल्या. मॅडमचे ओठ हलत होते. त्या अजून बोलतच होत्या.